वर्गणीवर चालणारा हौशी रेडिओ रिपीटर : उभारणी आणि निगा

हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यानंतर हातातल्या छोट्या संचावरून होणारा पहिला दूरचा संपर्क बहुधा एखाद्या रिपीटरच्या आधारानेच होतो. पाच वॅटचा आपला आवाज उंचावरचे एक यंत्र ऐकते, त्याच क्षणी तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रक्षेपित करते, आणि टेकडीपलीकडच्या माणसाला आपण शेजारी उभे असल्यासारखे ऐकू येतो. हे यंत्र सहसा कोणत्याही सरकारी खात्याचे किंवा कंपनीचे नसते. काही मोजकी हौशी मंडळी वर्गणी काढून आणि आपले सुटीचे दिवस खर्ची घालून ते चालवत असतात. अशा एखाद्या गटात सामील होणाऱ्या किंवा नवा रिपीटर उभारू पाहणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे.

माझ्या पाहण्यातले जे रिपीटर कायमचे गप्प झाले, ते पैशाअभावी क्वचितच झाले. त्यांना सांभाळणारी माणसे थकली म्हणून ते बंद पडले. उंचावरच्या जागेवर जाणे, मोजमाप करणे, सुटा भाग आणायला परत खाली येणे आणि पुन्हा चढणे, यात प्रत्येक वेळी कोणाचा तरी अख्खा दिवस जातो. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहावे, असे मी आग्रहाने सांगेन : या निर्णयामुळे जागेवरच्या फेऱ्या वाढतील की कमी होतील?

माणसे, परवानगी आणि जागा

यंत्र घेण्यापूर्वी कामे वाटून घ्यावीत. परवान्याची जबाबदारी कोणाची, तांत्रिक काम कोणाचे, हिशेब कोण ठेवणार आणि जागामालकाशी कोण बोलणार, हे नावानिशी लिहून ठेवावे, आणि प्रत्येक कामाची माहिती किमान दोघांना असावी. खोलीची किल्ली, नियंत्रकाचे (रिपीटर आपोआप चालवणाऱ्या यंत्राचे) संकेतांक आणि संचांच्या सेटिंगची फाइल एकाच माणसाकडे असणे हा बिघाडाइतकाच मोठा धोका आहे.

परवान्याचे नियम देशागणिक बदलतात. काही देशांत हौशी परवान्यावरच रिपीटर चालवता येतो, तर काही ठिकाणी प्रत्येक रिपीटरसाठी स्वतंत्र मंजुरी लागते. फ्रिक्वेन्सीची जोडी मात्र कोठेही मनाने ठरवू नये. आपल्या देशातील हौशी रेडिओ संघटना किंवा तिने मान्य केलेले समन्वयक यांच्याकडे अर्ज करून, शेजारच्या रिपीटरांना त्रास होणार नाही अशी जोडी मिळवावी. ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतील अंतराला शिफ्ट किंवा ऑफसेट म्हणतात. २ मीटर पट्ट्यात, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, ते बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असते. ७० सेंटिमीटर पट्ट्यात, म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास, मात्र एकवाक्यता नाही : अमेरिकेत ते ५ मेगाहर्ट्झ आहे, तर युरोपात १.६ आणि ७.६ मेगाहर्ट्झ अशी दोन्ही अंतरे वापरात आहेत. रिपीटरचे ओळखचिन्ह (कॉल साइन) किती वेळाने प्रक्षेपित करायचे, हेही नियमानेच ठरते. अमेरिकेत संभाषण चालू असताना किमान दर १० मिनिटांनी ते द्यावे लागते, आणि स्वयंचलित मोर्सने दिल्यास वेग मिनिटाला २० शब्दांच्या वर नेता येत नाही.

अर्ज करण्याआधी जागेवर जाऊन ऐकावे, ही पायरी उत्साहाच्या भरात हमखास वगळली जाते. निवडलेल्या ग्रहण फ्रिक्वेन्सीवर लावलेला एक साधा रिसीव्हर त्या जागी आठवडाभर ठेवावा आणि त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. शेजारच्या टॉवरवरचे ट्रान्समीटर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सौरऊर्जेचे इन्व्हर्टर आणि लिफ्टच्या मोटारी यांची खरखर त्यात पकडली जाते. पार्श्वभूमीचा हा गोंगाट जिथे जास्त असतो, तिथे कितीही चांगला संच लावला तरी हातातल्या संचावरचे लोक ऐकू येत नाहीत. अशा वेळी थोडी कमी उंचीची पण शांत जागा पत्करावी.

उंचीचे महत्त्व एका सोप्या सूत्रात बसते. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की रेडिओ क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. भोवतालच्या जमिनीपासून २५ मीटर उंचीवरून हे अंतर सुमारे २० किलोमीटर येते, १०० मीटरवरून ४१ आणि ४०० मीटरवरून ८२. उंची चौपट केली की टप्पा दुप्पट होतो. क्षितिजापलीकडच्या लोकांसाठी ट्रान्समीटरची ताकद वाढवण्यात फारसा अर्थ नसतो, आणि रिपीटर दूरवर ऐकू येतो पण तिथल्या लोकांना तो ऐकत नाही, अशी एकतर्फी अवस्था मात्र त्यातून निर्माण होते.

जागा कोणी मैत्रीखातर फुकट दिली असली तरी लेखी करार करावा. कोणत्या वेळी येता येईल, विजेचे बिल कोण भरणार, टॉवरवर काम असताना ट्रान्समीटर कोण बंद करणार आणि जागा सोडायची झाल्यास किती दिवसांची मुदत मिळणार, एवढे मुद्दे त्यात असले तरी पुरेसे आहे. मालक बदलला की तोंडी शब्द टिकत नाही.

एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे

रिपीटरची सगळी अवघड बाब वरच्या मथळ्यातच आहे. चांगला रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्टचा, म्हणजे उणे ११९ डीबीएमचा (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेला) सिग्नल ऐकतो. त्याच्या शेजारीच ५० वॅटचा, म्हणजे अधिक ४७ डीबीएमचा ट्रान्समीटर त्याच अँटेनावर चालू असतो. या दोहोंत १६६ डेसिबलचे अंतर आहे. पटीत सांगायचे तर ४ वर १६ शून्ये. ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बधिर होण्याच्या या दोषाला डिसेन्स म्हणतात, आणि तो दोन वाटांनी येतो. एक तर ट्रान्समीटरचा मुख्य सिग्नल रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्याला दाबून टाकतो. दुसरे म्हणजे, ट्रान्समीटरमधून मुख्य सिग्नलच्या दोन्ही बाजूंना पसरणारी सूक्ष्म खरखर थेट रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन पडते. पहिला दोष रिसीव्हरच्या बाजूच्या गाळणीने थांबतो. दुसरा फक्त ट्रान्समीटरच्या बाजूच्या गाळणीनेच थांबू शकतो.

ही दोन्ही कामे डुप्लेक्सर करतो. तो म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्यांचा संच. त्यातली प्रत्येक कॅव्हिटी एक फ्रिक्वेन्सी सोडते आणि दुसरी अडवते. २ मीटरवर ६०० किलोहर्ट्झचे अंतर इतके तोकडे असते, की सहसा अर्धा मीटर उंचीच्या सहा मोठ्या कॅव्हिटी लागतात. ७० सेंटिमीटरवर अंतर कितीतरी मोठे आणि कॅव्हिटी त्या मानाने लहान, म्हणून डुप्लेक्सर आटोपशीर व स्वस्त पडतो. गटाचा हा पहिलाच रिपीटर असेल, तर मी ७० सेंटिमीटरची शिफारस करीन. पाठीवरच्या पिशवीत मावणारा डुप्लेक्सर खाली आणून मेजावर जुळवता येतो. सहा मोठ्या नळकांड्यांचे तसे नाही.

डुप्लेक्सर जुळवण्यासाठी आता नॅनोव्हीएनए हे गाळण्या व अँटेना मोजणारे स्वस्त, छोटे यंत्र उपलब्ध आहे, मात्र त्याची मर्यादा ओळखून काम करावे. त्याला साधारण ७० डेसिबलपर्यंतचेच दाबलेले सिग्नल नीट दिसतात, आणि पूर्ण डुप्लेक्सरची अडवणूक त्याहून खोल असते. म्हणून एकेक कॅव्हिटी सुटी करून जुळवावी, मग ती जोडत जावे आणि शेवटी खऱ्या ट्रान्समीटरवर डिसेन्सची चाचणी घ्यावी. जुळवणी झाल्यावर डुप्लेक्सरमध्ये साधारण दीड डेसिबलची घट राहते. ५० वॅटपैकी ३५ वॅट पुढे जातात. हे नुकसान स्वीकारायचे असते. ते कमी करण्याच्या नादात कपलिंग लूप (कॅव्हिटीत सिग्नल आत-बाहेर नेणारे तारेचे वळण) फिरवून अडवणूक घालवू नये.

जागेवर इतर सेवांचे ट्रान्समीटर असतील, तर आपल्या ट्रान्समीटरनंतर आयसोलेटर बसवावा. बाहेरचा सिग्नल अँटेनातून उलटा आत शिरून आपल्या ट्रान्समीटरमध्ये मिसळला, की तिसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर भुते उभी राहतात. आयसोलेटर तो परतीचा मार्ग बंद करतो.

केबल, सांधे आणि वीज पडण्यापासून संरक्षण

पैसे वाचवायचे असतील तर ते संचात वाचवावेत, केबलमध्ये नव्हे. संच खाली खोलीत असतो आणि तासाभरात बदलता येतो. केबल बदलण्यासाठी टॉवरवर चढणारा प्रशिक्षित माणूस, चांगले हवामान आणि अख्खा दिवस लागतो. ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये २ मीटर पट्ट्यावर सुमारे ६ डेसिबल जातात. याचा अर्थ पाठवलेल्या शक्तीचा जेमतेम चौथा भाग अँटेनाला मिळतो, आणि अँटेनाने पकडलेल्या मंद सिग्नलचाही चौथाच भाग खाली पोहोचतो. अर्धा इंच जाडीच्या, नालीदार तांब्याच्या आवरणाच्या हार्डलाइनमध्ये तेवढ्याच लांबीत एक डेसिबलहून कमी जातो.

एलएमआर-४०० आणि तिच्या जातीच्या केबली इतरत्र उत्तम असल्या तरी रिपीटरवर टाळाव्यात. त्यांच्या आवरणात ॲल्युमिनियमची पन्नी आणि कथिल चढवलेल्या तांब्याची जाळी एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात. एकाच केबलमधून प्रक्षेपण आणि ग्रहण चालू असताना या सैल स्पर्शातून खरखर उत्पन्न होते, आणि केबल वाऱ्याने हलू लागली की ती वाढते. नवीन असताना सगळे ठीक वाटते. वर्ष-दोन वर्षांनी त्रास सुरू होतो आणि मग दोष शोधण्यात महिने जातात. खोलीतल्या छोट्या जोडण्यांसाठी आरजी-१४२ किंवा आरजी-४०० यांसारखी, चांदीचा मुलामा दिलेली दुहेरी जाळीची केबल वापरावी. कनेक्टर एन जातीचे असावेत आणि ॲडाप्टरची उतरंड लावू नये.

बाहेरच्या प्रत्येक सांध्यावर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर विनाइलची चिकटपट्टी खालून वर न्यावी, म्हणजे तिचे वेढे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि पाणी आत न शिरता ओघळून जाते. केबल खोलीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब भिंतीबाहेरच गळतात. प्रवेशाच्या जागी विद्युतपात-रोधक बसवावा, आणि टॉवर, हार्डलाइनचे आवरण, रोधक, वीजजोडणी आणि संचांचे खोके हे सारे एकाच भूसंपर्क पट्टीला जोडावे. दोन वेगवेगळे अर्थिंग ठेवले, तर वीज पडते त्या क्षणी त्या दोहोंत प्रचंड दाबांतर निर्माण होते आणि ते आपल्या संचांमधूनच वाट काढते.

टॉवरवर एकट्याने कधीही चढू नये, सतत अडकवलेल्या पट्ट्याशिवाय एकही पाऊल टाकू नये आणि चढण्यापूर्वी ट्रान्समीटर हाताने बंद करून त्यावर तशी पाटी लावावी. या कामाचे प्रशिक्षण गटात कोणाकडे नसेल, तर वर्गणीतले पैसे व्यावसायिक माणसासाठी खर्च करावेत.

संच, नियंत्रक आणि बॅटरी

गाडीत वापरायचा संच सलग बोलण्यासाठी बनवलेला नसतो. तो ट्रान्समीटर म्हणून वापरायचा झाल्यास त्याच्या कमाल ताकदीच्या निम्म्याहून अधिक कधी चालवू नये आणि पंखा कायम चालू ठेवावा. व्यावसायिक वापरातून निवृत्त झालेला खरा रिपीटर मिळाला, तर तो अधिक बरा.

आवाज रिसीव्हरच्या स्पीकरमधून न घेता डिस्क्रिमिनेटरमधून (रेडिओ सिग्नलातून आवाज वेगळा काढणाऱ्या टप्प्यातून) घेतला, तर तो नियंत्रकात डीएम्फसिस करून, म्हणजे त्यातले उंच स्वर दाबून, मगच ट्रान्समीटरच्या मायक्रोफोन जोडणीला द्यावा लागतो. नाहीतर सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे तीक्ष्ण होतात. पूर्ण रुंदीच्या चॅनेलवर डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी मध्यापासून जितकी सरकते ते अंतर) ५ किलोहर्ट्झच्या आत आणि अरुंद चॅनेलवर २.५ च्या आत ठेवावे.

नियंत्रकाची तीन कामे अनिवार्य आहेत : ओळखचिन्ह देणे, सलग प्रक्षेपणावर मर्यादा घालणे आणि दुरून रिपीटर बंद करता येणे. मर्यादा साधारण ३ मिनिटांची ठेवतात. एखाद्याच्या गाडीत मायक्रोफोनचे बटण आसनाखाली दाबून राहिले, तर ट्रान्समीटर याच मर्यादेमुळे वाचतो. रिसीव्हरवर ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला ठरलेला सीटीसीएसएस टोन (बोलण्यासोबत सतत पाठवला जाणारा खालच्या स्वराचा ओळख-सूर) सक्तीचा करावा, म्हणजे नुसत्या खरखरीने रिपीटर उघडत नाही. तयार नियंत्रक परवडत नसेल, तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एसव्हीएक्सलिंक ही मुक्त प्रणाली चांगले काम देते. फक्त मेमरी कार्डाची तयार प्रत खोलीतच ठेवावी, कारण वीज गेल्यावर सर्वांत आधी खराब होते ते कार्ड.

बॅटरीचा हिशेब अंदाजाने करू नये. समजा, बोलताना ७ ॲम्पिअर आणि नुसते ऐकताना ०.६ ॲम्पिअर लागतात आणि दिवसाचा पाचवा हिस्सा रिपीटर बोलत असतो. सरासरी सुमारे १.९ ॲम्पिअर येते, आणि २४ तासांना ४५ ॲम्पिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणून एका दिवसाच्या आधारासाठी ती १०० ॲम्पिअर-तासांची हवी. आपत्तीत रिपीटर सतत बोलत असतो, हे लक्षात घेतले तर तीही तोकडी ठरते. अशा बॅटरीचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीला साधारण निम्मे होते, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत ती उन्हाच्या भिंतीपासून दूर, खाली जमिनीजवळ ठेवावी.

वर्गणी

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येनुसार हौशी सेवा आर्थिक लाभाविना चालवायची असते. म्हणून वर्गणी हे सेवेचे शुल्क नव्हे, आणि वर्गणी न देणाऱ्याला, विशेषतः नवख्या परवानाधारकाला, रिपीटरवर दुय्यम वागणूक मिळता कामा नये. आज ऐकणारा विद्यार्थी पाच वर्षांनी टॉवरखाली उभा राहून दोर धरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वार्षिक गरज काढताना भाडे, वीज, विमा आणि परवाना शुल्क यांच्या बेरजेवर थांबू नये. प्रत्येक वस्तूची आजची किंमत तिच्या अपेक्षित आयुष्याने भागून तो हिस्सा दरवर्षी बाजूला टाकावा : पाच वर्षांच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा, दहा वर्षांच्या अँटेनाचा दहावा. हा राखीव निधी नसला, की अँटेना तुटल्यावरच आवाहन करावे लागते, आणि लोक देतील तोपर्यंत रिपीटर बंद राहतो. एका उदार माणसाच्या मोठ्या देणगीपेक्षा वीस जणांची छोटी, नियमित वर्गणी मी जास्त भरवशाची मानतो, कारण तो एक माणूस गाव सोडून गेला किंवा रुसला तर सगळेच थांबते.

खाते दोघांच्या सहीने चालावे आणि जमाखर्च वर्षातून दोनदा तरी सर्व देणगीदारांपुढे ठेवावा, खर्च शून्य असला तरीही. कोणती वस्तू गटाच्या मालकीची आणि कोणती कोणी वापरायला दिलेली, याची यादी करून वस्तूंवर तशी चिठ्ठी चिकटवावी. डुप्लेक्सर नेमका कोणाचा, हा प्रश्न देणारा हयात नसताना विचारावा लागणे फार क्लेशदायक असते.

निगा आणि दोषशोधन

उभारणीच्या दिवशीची मोजमापे सर्वांत मौल्यवान असतात. अँटेनाकडे जाणारी आणि परतणारी शक्ती, रिसीव्हरची संवेदनशीलता, प्रत्येक टप्प्यावरचा विद्युतप्रवाह, डुप्लेक्सरचे आलेख आणि जोडण्यांची छायाचित्रे एका वहीत ठेवावीत, आणि वहीची एक प्रत खाली असावी. दर महिन्याला घरबसल्या ठरावीक जागेवरून, ठरावीक ताकदीने ऐकण्याची चाचणी घ्यावी. दर सहा महिन्यांनी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, जागेवर जाऊन तीच मोजमापे पुन्हा करावीत, बॅटरी भाराखाली तपासावी, पंखे आणि जाळ्या साफ कराव्यात, आणि मुंग्या, गांधीलमाशा व उंदीर शिरतील अशा फटी बुजवाव्यात. बॅटरीची टर्मिनले घट्ट आहेत ना, हे हाताने हलवून पाहावे.

डिसेन्सची चाचणी सोपी आहे. दूरवरच्या सोबत्याला इतक्या कमी ताकदीने बोलायला सांगावे, की त्याचा आवाज खरखरीतून जेमतेम निघेल. मग रिसीव्हरच्या स्पीकरवर ऐकत ट्रान्समीटर हाताने चालू-बंद करावा. चालू करताच खरखर वाढली, तर डिसेन्स आहे. पुढची पायरी म्हणजे अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती प्रक्षेपित न करता जिरवणारा भार) लावून, सिग्नल जनरेटरचा मंद सिग्नल कपलरमधून (केबलमध्ये थोडा सिग्नल मिसळणाऱ्या जोडातून) सोडून तीच चाचणी करणे. दोष नाहीसा झाला तर तो अँटेनात, केबलमध्ये किंवा टॉवरवरच्या एखाद्या गंजलेल्या सांध्यात आहे. कायम राहिला तर डुप्लेक्सरमध्ये, छोट्या जोडण्यांत किंवा संचांत.

दोष कोणत्या वेळी येतो, यावरून अर्धा शोध खाली बसूनच लागतो. पाऊस झाला की टप्पा घटतो आणि दोन-चार उन्हाच्या दिवसांनी तो परत येतो, तर सांध्यात पाणी आहे. खरखर फक्त वाऱ्यात येत असेल तर काहीतरी सैल आहे. रोज संध्याकाळी सुरू होऊन पहाटे थांबत असेल, तर आसपासचे दिवे पाहावेत. दुपारच्या उन्हात वाढत असेल, तर डुप्लेक्सर तापून सरकत असेल किंवा जवळपास सौर इन्व्हर्टर असेल. आमच्या एका रिपीटरवर वाऱ्यातली खरखर शोधण्यासाठी आम्ही तीन फेऱ्या केल्या आणि डुप्लेक्सर दोनदा जुळवला. शेवटी टॉवरला केबल धरून ठेवणारा एक गंजलेला चाप सापडला. फेरीच्या आधी वापरकर्त्यांकडून तारीख, वेळ आणि हवामान यांची नोंद मागवली असती, तर पहिल्याच दिवशी आम्ही तिथे हात घातला असता. तेव्हापासून आमच्या वहीत हवामानाचा एक रकाना आहे.

कोणी मुद्दाम अडथळा आणू लागला, तर त्याच्याशी रेडिओवरून एक शब्दही बोलू नये. वेळा लिहाव्यात, दिशादर्शक अँटेनाने दोन-तीन ठिकाणांहून दिशा घ्याव्यात आणि रिपीटरच्या ग्रहण फ्रिक्वेन्सीवर ऐकावे, कारण तो माणूस तिथेच बोलत असतो. प्रकार वाढला, तर रिपीटर काही तास बंद ठेवावा आणि नोंदी परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे द्याव्यात.

रिपीटर दुसऱ्या गटाकडे सोपवायचा किंवा बंद करायचा प्रसंग आला, तर तेही टप्प्याटप्प्याने करावे. वापरकर्त्यांना आधी कळवावे, परवान्यावरील जबाबदार व्यक्ती बदलावी किंवा परवाना परत करावा, समन्वयकांना फ्रिक्वेन्सीची जोडी मोकळी झाल्याचे लेखी द्यावे, वापरायला दिलेल्या वस्तू यादीनुसार परत कराव्यात आणि उरलेला निधी कोणाकडे जाईल हे वर्गणी सुरू करतानाच लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे करावे. टॉवरवरची केबल, चाप आणि अँटेना उतरवून जागा मोकळी करावी, म्हणजे पुढच्या वेळी तोच जागामालक हौशी मंडळींना पुन्हा दार उघडेल.